डोळे मिटून घेतलेली हजेरी

सुरुवातीलाच भांडून घेते, म्हणजे पुढे सोपं जाईल. भूतप्रेत, चकवा, अंगात येणं — यातलं मी काहीही मानत नाही. आणि मी ख्रिस्ती आहे म्हणून मला जिकडेतिकडे चमत्कार दिसत असतील, असंही कुणी समजू नये. उठल्यासुटल्या दृष्टांत होणारी माणसं आमच्या मंडळीतही होती, आणि त्यांच्याशी माझं कधीच पटलं नाही. मी शाळेत गणित शिकवायचे. पुढे सांगते ती गोष्ट माझी स्वतःची आहे, भर दिवसाची आहे, आणि एकतीस जणांनी कानांनी ऐकलेली आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या... माझं काही जात नाही.

आम्ही देवासला राहायचो. माझं माहेर नगरकडचं. लग्नानंतर आमचे हे देवासच्या एका कारखान्यात लागले आणि सत्तरच्या दशकात आम्ही माळव्याचेच होऊन गेलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आमची एकुलती एक लेक करुणा हिंदी शाळेत शिकली. मराठी बोलायची फाडफाड, पण वाचायला बसली की अडखळायची. त्यामुळे शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली वचनं मी तिच्याकडून तोंडीच पाठ करून घेतली, माझ्या वडिलांनी माझ्याकडून घेतली होती तशी. त्यात आमच्या घरची एक पद्धत होती. आधी वचनाचा पत्ता सांगायचा — कितवा अध्याय, कितवी ओवी — आणि मग वचन. बाकी सगळीकडे आधी वचन आणि मागून पत्ता. ही बारीकशी गोष्ट लक्षात असू द्या, कारण पुढे सगळं तिच्यावरच येऊन थांबतं.

दर मे महिन्यात मी आमच्या तरुण संघाचा कॅम्प घ्यायचे. एक्क्याऐंशी साली तो नालछ्याच्या पुढे, मांडूच्या रस्त्याला, एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत होता. पाच दिवसांचा. देवास, धार, कुक्षी, गंधवानी इथली मिळून तीस मुलंमुली, त्यात करुणाही. मोठी माणसं दोनच — मी आणि धारचे विल्सन भिया; माळव्यात भैयाला भियाच म्हणतात. ढोलक उत्तम वाजवायचे आणि मला जरा घाबरायचे. स्वयंपाकाला जवळच्या वस्तीवरची रेशमीबाई यायची.

कॅम्पला माझे नियम होते, आणि पहिला नियम मी स्वतःसाठीच केला होता. कॅम्पमध्ये मी कुणाची आई नाही. सगळ्यांची दीदी, करुणाचीसुद्धा. झालं असं होतं की आदल्या वर्षी कॅम्प संपल्यावर चर्चच्या दारात एक बाई म्हणाल्या, "दीदी की लड़की को तो खीर दो बार मिलती है।" साफ खोटं होतं ते! पण मला इतकं लागलं की मी घरी येऊन करुणाला समोर बसवलं आणि सांगितलं, यापुढे कॅम्पात 'आई' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ती तेव्हा बारा वर्षांची होती. "बरं," म्हणाली.

दुसरा नियम हजेरीचा. रोज चार वाजता, चहाच्या आधी, मुलं सतरंजीवर रांगांनी बसायची. प्रार्थना व्हायची आणि कुणीही डोळे न उघडता तशीच हजेरी सुरू व्हायची. मी नाव घ्यायचं, त्याने 'हाजिर' म्हणण्याऐवजी त्या दिवसाचं वचन म्हणायचं. तीसच्या तीस नावं मला क्रमाने पाठ होती, म्हणून माझेही डोळे मिटलेलेच. फक्त विल्सन भियांचे उघडे, आणि तेही रजिस्टरवर. डोळे मिटले की मुलं मनापासून म्हणतात, अशी माझी थिअरी. कौतुक वाटायचं मला त्या पद्धतीचं. आज विचारलंत तर सांगेन, डोळे मिटून मुलं मोजणारी बाई मूर्ख असते.

आणि एक बंदी होती. प्रभूच्या रडण्याबद्दल एक अगदी छोटं वचन आहे, अवघ्या दोन शब्दांचं — 'येशू रडला'. ज्याचं पाठांतर झालेलं नसतं तो कुठल्याही संडे स्कूलमध्ये तेच फेकून मोकळा होतो. माझ्या कॅम्पात ते चालायचं नाही. जो म्हणेल त्याने चहानंतर माझ्यासमोर उभं राहून दिवसाचं वचन तीनदा म्हणायचं. आणि जो गप्पच राहील त्याला रात्री बघू, असं म्हणून मी पुढचं नाव घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलं नाश्त्याच्या रांगेत उभी होती. करुणा रांग सोडून माझ्याजवळ आली. चेहरा उतरलेला. हळूच म्हणाली, "आई, जरा बाजूला ये ना."

सगळ्या रांगेचे कान टवकारले. मी मोठ्याने विचारलं, "यहाँ कौन है आई?"

ती म्हणाली, "दीदी... जरा काम होतं."

"काम नाश्त्यानंतर. लाइन में जाओ."

ती गेली. नाश्त्यानंतर आली नाही आणि मीही विसरले. ते काम काय होतं ते मला संध्याकाळी कळलं. तिला पहिल्यांदाच पाळी आली होती. घाबरलेली पोर आईला शोधत आली होती, आणि आईने तिला रांगेत पाठवलं.

दुपारी जेवणानंतर शांत वेळ असायची. दोन ते चार, ज्याने त्याने एखाद्या झाडाखाली एकटं बसून वाचायचं. त्या दिवशी साडेचारला मॅटाडोर गाडी येणार होती, सगळ्यांना मांडू दाखवायला. परतायला साडेआठ तरी होणार होते. आता हे नीट समजून घ्या... आमच्याकडे मुलं मोजण्याची वेळ एकच होती, ती चारची हजेरी. ती पूर्ण झाली की मॅटाडोरमध्ये चढताना कुणी मोजत नसे.

चार वाजले. प्रार्थना झाली. मी नावं घ्यायला लागले. स्तोत्रांतलं एक लांबलचक वचन दिलं होतं, सगळी हिंदीत म्हणत होती. अकरावं नाव करुणाचं. मी म्हणाले, "करुणा."

क्षणभर थांबून उत्तर आलं. तिच्याच आवाजात. तिसऱ्या रांगेतून, ती रोज बसायची तिथून. मराठीत. आधी पत्ता — अध्याय, ओवी — आणि मग ते दोन शब्द.

सतरंजीवर खुसखुस सुरू झाली. दीदीची स्वतःची मुलगी, आणि म्हटलं तर काय म्हटलं! माझ्या कानशिलापर्यंत राग चढला. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर मी चहानंतर पाहिलं असतं. पण ही माझी होती, आणि सगळे हसत होते. मी डोळे न उघडताच म्हणाले, "करुणा, खड़ी हो जाओ. अभी बोलो, पूरा."

कुणी उठल्याचा आवाज नाही.

"करुणा!"

विल्सन भिया कुजबुजले, "जाने दो ना दीदी, बोल तो दिया बच्ची ने. मैंने टिक भी कर दिया."

मी डोळे उघडले. तिसऱ्या रांगेत दोन मुलींच्या मध्ये एक मोकळी जागा होती. त्या दोघींनीही डोळे उघडले आणि त्या जागेकडे बघतच राहिल्या. डावीकडची, गंधवानीची मुलगी, म्हणाली, "दीदी, अभी तो बोली... यहीं से बोली."

पुढचा अर्धा तास मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. खोल्या पाहिल्या, नळ पाहिला. रेशमीबाई चुलीपासून उठून म्हणाली, "छोरी तो कब की गई, बावड़ी तरफ। हाथ में टावेल था। मैंने बोला भी, वहाँ मत जा, सीढ़ी टूटी है।" कब की म्हणजे कधी? तिने सूर्याकडे हात करून दाखवलं. दीड तास तरी झाला असावा.

ती बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, शाळेपासून एवढी लांब की आमच्या ढोलकाचा आवाजही तिथे पोचत नसे. मी चपला टाकून धावले. खालच्या पायऱ्या निखळलेल्या होत्या. करुणा कपडे धुवायला उतरली होती, एकटी, कुणाला दिसू नये म्हणून. दगडासकट घसरून ती पार तळाच्या पाण्यात पडली होती. छातीपर्यंत पाणी, एक पाय गुडघ्याखाली मोडलेला, आणि दोन्ही हातांनी भिंतीतून आलेलं एक मूळ धरून ठेवलेलं. विल्सन भिया दोर कमरेला बांधून उतरले. त्यांनी तिला धरलं तेव्हा तिची बोटं मुळावरून एकेक करून सोडवावी लागली. साडेआठपर्यंत त्या बोटांनी काही तग धरला नसता. हे मला कुणा डॉक्टरने सांगायची गरज नव्हती.

मांडूसाठी आलेल्या मॅटाडोरमधूनच आम्ही तिला धारच्या दवाखान्यात नेलं. पायाला प्लास्टर झाल्यावर ती जरा बोलायला लागली. मी विचारलं, "करू, हाका मारल्यास का गं?"

"खूप मारल्या. गळा बसेपर्यंत. दीदी, दीदी, दीदी..."

मी म्हटलं, "अगं, आई म्हणून का नाही मारलीस?"

"तू रागावली असतीस."

मग मी ते दोन शब्दांचं वचन विचारलं. तिला काही कळेना. "वचन? मी कशाला वचन म्हणू? मी नुसती रडत होते."

झाली ती गोष्ट इतकीच. आता लोकांचं ऐका.

आमचे हे दुसऱ्या दिवशी देवासहून आले. सगळं ऐकून म्हणाले, "अगं, कुणीतरी पोरीने नक्कल केली असेल." अहो, पण कुणी? कॅम्पात मराठी घरातलं करुणाशिवाय एकच पोर होतं, सोळा वर्षांचा मुलगा, आवाज फुटलेला. मराठीत आणि आधी पत्ता सांगून वचन म्हणणारी मुलगी अख्ख्या धार-देवासात एकच होती, आणि ती बावडीत होती. तरी मी एकोणतीस जणांना एकेक करून विचारलं. रागावून विचारलं, लाडाने विचारलं. पुढे त्यातल्या कित्येकांच्या लग्नांना गेले, तिथेही जेवणाच्या पंगतीत विचारलं. एकानेही "मी" म्हटलं नाही. मग हे म्हणाले, तुझ्याच मनात घुमलं असेल. बरं, माझ्या मनात घुमलं, पण पोरं हसली कशाला? विल्सन भियांनी टिक कशी केली? यावर ह्यांनी पेपर उघडला.

शेजारच्या काकूंनी मान हलवली. "मांडूच्या रस्त्याचं ठिकाणच तसं हो. त्या बावडीत कुणीतरी असणार." असेल तर मग त्याने आधी पायरी का नाही सांभाळली, असं मी विचारलं. काकू आठ दिवस बोलल्या नाहीत.

आणि आमचे पाळकसाहेब! ते तर हर्षभरित. म्हणाले, "बाई, स्वर्गदूताने तुमच्या लेकराची हजेरी दिली. रविवारी उभ्या राहा, साक्ष द्या. मुलगी रडत होती आणि वचनही रडण्याचंच... केवढा मोठा संदेश आहे यात!" मी म्हटलं, साहेब, संदेश तुम्ही काढा, मी साक्ष देते.

रविवारी चर्च भरलं होतं. खीर मोजणाऱ्या त्या बाई दुसऱ्या बाकावर होत्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझी मुलगी घाबरून माझ्याकडे आली आणि मी तिला आई म्हणू दिलं नाही, कारण मला तुम्हा लोकांची भीती वाटत होती. म्हणून ती एकटी त्या बावडीवर गेली. ही माझी साक्ष. तिच्या नावाला उत्तर कुणी दिलं ते मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही त्याची साक्ष मी देणार नाही."

एवढं बोलून मी बसले. पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत काढायला सांगितलं.

पुष्कळ जण म्हणाले, आता या बाईला कॅम्प देऊ नका. मी पुढच्या मे महिन्यात घेतला! त्याच शाळेत घेतला, आणि बावडीला काटेरी तारेचं कुंपण मी स्वतः उभी राहून घालून घेतलं. करुणा आली, थोडी लंगडत. हजेरी उघड्या डोळ्यांनी झाली, दिवसातून चार वेळा. पहिल्याच सकाळी नाश्त्याच्या रांगेतून तिने सगळ्यांच्या देखत मोठ्याने हाक मारली, "आई, मीठ कमी आहे!" मी मीठ घेऊन गेले. तिच्या ताटात दोनदा वाढलंही, कुणाला मोजायचं असेल त्याने मोजावं म्हणून.

आता मी म्हातारी झाले. ती हजेरी हजारदा मनात फिरवून पाहिली. गणिताच्या बाईला न सुटलेलं उदाहरण टोचतं, पण ओढूनताणून उत्तर लिहिणं त्याहून वाईट. म्हणून मी ती जागा कोरी सोडली आहे. देवदूत लिहीत नाही, भूत लिहीत नाही, भासही लिहीत नाही. तिसऱ्या रांगेतून उत्तर कुणी दिलं ते मला खरंच माहीत नाही. त्या बावडीतून माझी मुलगी मला तास दीड तास हाका मारत होती, आणि त्यातली एकही हाक 'आई' अशी का नव्हती, तेवढं मात्र मला पक्कं माहीत आहे.