नऊ इंचांची पायरी

माझ्या बाबांना सगळे मिस्त्री म्हणतात. आईसुद्धा रागावली की 'अहो'च्या पुढे 'मिस्त्री' जोडते. ट्रकच्या खाली पोलादाचे वाकवलेले पाटे असतात, एकावर एक रचलेले. सगळा भार त्यांच्यावर तोललेला असतो. ते पाटे उतरवण्यात, घडवण्यात आणि पुन्हा चढवण्यात बाबांची चाळीस वर्षं गेली. दुकान आता बंद आहे, पण हत्यारं घरामागच्या शेडमध्ये ओळीने टांगलेली आहेत आणि त्यांना हात लावायची कोणाची टाप नाही.

दुकानात ट्रक आला की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "काय भरता?" मालक म्हणे, दहा टन. बाबा मान डोलवत. मग ट्रकमागे उकिडवे बसून जुन्या पाट्यांवरून हात फिरवत आणि तेरा टनांच्या हिशोबाने काम करत. "मालक भाराबद्दल खरं कधी सांगत नाही," असं ते मला सांगत. "खोटारडा असतो असं नाही. त्याला स्वतःला तसंच वाटत असतं. आपण गाडीला विचारायचं." त्यांनी बसवलेला पाटा वाटेत तुटला, असं मी आजवर ऐकलेलं नाही.

खिशात टेप असायची, पण पहिलं माप वितीचं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत त्यांची वीत बरोबर नऊ इंच भरते. मी शाळेत असताना पट्टी लावून तपासली होती, रेघभरही इकडेतिकडे नाही. पुढे मी जमीन मोजायच्या धंद्यात शिरले. तीन पायांवर यंत्र उभं करून चढउतार मोजायचे, हे माझं पोटापाण्याचं काम. माझं यंत्र मिलिमीटरमध्ये बोलतं, बाबा वितीत बोलतात, आणि घरात वाद झाला की जिंकते वीत. याचा मला बरेच दिवस राग होता.

गेल्या वर्षी मी एसयूव्ही घेतली. पांढरी, डिझेलची, माझ्या कमाईची. घेतली त्याच आठवड्यात मी ठरवून टाकलं की तिला चार इंच उचलायची आणि खाली मोठाले मड टायर लावायचे, असे की सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्याने मान वर करून बघावं. उगाच नाकारत नाही, मला मिरवायचं होतं.

त्याच सुमारास आईला पत्र आलं. डोंगरावरच्या ज्या एका खोलीच्या शाळेत तिने बावीस वर्षं शिकवलं, तिथे वाचनालयाची नवी खोली बांधली होती. उद्घाटन पहिल्या बाईंच्याच हातून व्हावं, असं आताच्या मुख्याध्यापिकेने लिहिलं होतं. ही मुख्याध्यापिका म्हणजे आईचीच विद्यार्थिनी. एके काळी पाढे चुकवण्यात पटाईत. आईने पत्र तीनदा वाचलं आणि उशीखाली ठेवून दिलं.

सहा वर्षांपूर्वी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ती त्या डोंगरावर गेली नव्हती, कारण शेवटचे सहा किलोमीटर नुसता दगडांचा रस्ता आहे आणि मध्ये एक ओढा. मी म्हटलं, "गाडी आहे ना आता. मी आणि बाबा उचलून बसवू तुला, उचलून उतरवू."

"मग मी येत नाही," आई म्हणाली. "त्या मुलांना मी ताठ उभं राहायला शिकवलंय. त्यांच्यासमोर मला कोणी पोत्यासारखं उतरवायचं नाही. माझ्या पायांनी उतरता येणार असेल तर सांगा."

ती उठून आत गेली. बाबांनी तिची रिकामी खुर्ची भिंतीशी सरकवली. मग मला म्हणाले, "तुझ्या त्या दुकानात कधी जायचंय?"

दुकान म्हणजे गाड्या सजवायचं. काचेच्या भिंती, भिंतीवर टायर चित्रांसारखे टांगलेले, आणि काउंटरवर एक सल्लागार, ज्याचे बूट आमच्या शेडमधल्या कुठल्याही वस्तूपेक्षा स्वच्छ होते. त्याने मला गाडी चार इंच उचलायचं किट दाखवलं. मी खूश. बाबांनी विचारलं, "याने मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा किती वर जातो?" गोळा म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या मधोमध असलेला, गाडीचा सगळ्यात खाली येणारा लोखंडी भाग.

सल्लागार म्हणाला, "पूर्ण गाडी चार इंच वर जाते, काका."

"बॉडी जाते. गोळा अ‍ॅक्सलवर, अ‍ॅक्सल चाकांवर. स्प्रिंगा कितीही उंच लावा, तो जागचा हलत नाही. तो वर जातो फक्त टायरने. आणि दगड लागतो तो गोळ्यालाच."

सल्लागाराने संगणकाकडे पाहिलं, संगणकाने काही मदत केली नाही. मला हसू आलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली, कारण हे मलाही माहीत नव्हतं.

बाबांनी त्या दिवशी काहीच घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन ते एकटेच डोंगरावर गेले, ते सहा किलोमीटर चालत चढले, आणि वाटेतला प्रत्येक उंच दगड वितीने मोजून आले. एकाहत्तर वर्षांचा माणूस. संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडून त्यांनी वहीतून वाचून दाखवलं. गोळ्याखाली सध्या आठ इंच जागा होती. बहुतेक दगड साडेआठच्या आतले. "एक साडेनऊचा होता. तो मी पहारीने काढून कडेला लोटला."

"पहार कुठून आणलीत?"

"शाळेतून. मुख्याध्यापिका बाई लगेच देईनात. म्हणाल्या, आधी सही करा."

मग त्यांनी हिशोब मांडला. दोन इंच जास्त व्यासाचे टायर लावले की गोळा एक इंच वर जाणार, नऊ इंच, काम झालं. ते टायर आत घासू नयेत म्हणून बॉडी दोन इंच उचलायची, चार नाही. मड टायर नकोत. वाटेत चिखल नाही, दगड आहेत, आणि डांबरी रस्त्यावर ते टायर इतके घुमतात की आईला ओरडून बोलावं लागेल. त्यापेक्षा सगळ्या रस्त्यांना चालणारे ऑल टेरेन, जाड बाजूचे. स्प्रिंगाही नरम घ्यायच्या. कडक स्प्रिंगा लोखंडी बंपर आणि सामान लादणाऱ्यांसाठी असतात. "आपल्याला काय भरायचंय? तीन माणसं. त्यातल्या एकीचा खुबा."

मी चार इंचांसाठी थोडी भांडले. सवयीनेच.

"उचल की चार," बाबा म्हणाले. "मग आईला बसायला शिडी आण."

राहिली पायरी. गाडी उंच होणार, म्हणजे आईला पायरी लागणार, आणि ती आईच्या पायाला मानवेल त्याच उंचीवर हवी. एका रविवारी बाबांनी शेडमधून इंच-इंच जाडीचे लाकडी ठोकळे आणले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी रचले. "पाय ठेव बरं."

आईने आठवर ठेवला, नऊवर ठेवला. दहावर तिचा ओठ दाताखाली गेला. अकरावा ठोकळा चढला तेव्हा तिने उजव्या हाताने चौकट अशी पकडली की बोटं पांढरी पडली. पण पाय वर गेला, आणि पाठोपाठ तीही चढून उभी राहिली.

"अकरा," आई म्हणाली. "लिहा, मिस्त्री."

बाबांनी निळ्या पेन्सिलीने अकरा लिहिले.

पायरी त्यांनी स्वतः केली, ट्रकच्या जुन्या पाट्याची. वर टायरचं रबर, बाजूला बिजागरी. चालताना दुमडून वर अडकवायची, थांबल्यावर खाली सोडायची. दाराच्या आत एक मूठही बसवली, आईच्या उजव्या हाताला येईल अशी. गाडी तयार झाली तेव्हा शेडमध्ये मी हौसेने टेप लावली. जमिनीपासून पायरी नऊ इंच.

"बाबा, चुकलंय. अकरा सांगितले होते."

"चुकलेलं नाही." त्यांनी वही उघडून दाखवली. अकराच्या शेजारी, बहुधा आई आत गेल्यावर, बारीक अक्षरात नऊ लिहिलेले होते. "मालक भाराबद्दल खरं कधी सांगत नाही. मी तिचा हात बघत होतो, पाय नाही. तू आईला सांगायचं नाहीस."

आयुष्यभर ज्यांचं माप कधी चुकलं नाही, त्यांनी बायकोची मान ताठ राहावी म्हणून दोन इंचांबद्दल मूग गिळले. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की टेप गुंडाळायचं निमित्त करून मी तोंड फिरवलं.

उद्घाटनाच्या दिवशी आईने पिवळ्या काठांची साडी नेसली. घरासमोर ती पायरीवर चढली, मागे सरकून सीटवर बसली, पाय आत घेतले. कोणी हात लावला नाही. "अकरा इंच बरं का," ती शेजारच्या काकूंना म्हणाली. बाबांनी आकाशाकडे पाहिलं.

दगडांच्या रस्त्यावर मी ताशी आठच्या वेगाने गेले. खालून एकदाही ठण्ण आवाज आला नाही. ओढ्यात पाणी टायरच्या निम्म्यावर आलं तरी आई पलीकडच्या झाडांची नावं सांगत होती. बाबा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले; ते स्प्रिंगा ऐकत होते.

शाळेच्या पटांगणात शंभरेक माणसं उभी होती. टक्कल पडलेले विद्यार्थी, त्यांची मुलं, मुलांची मुलं. सपाट जागा सगळी त्यांनी व्यापलेली. मी उत्साहात गाडी कडेला घेतली आणि थांबवली. बाबांनी उतरून आईचं दार उघडलं, पायरी खाली सोडली, आणि तिथेच थबकले.

मीही उतरून पाहिलं. पटांगण त्या कडेला उतरतं होतं. चाकं वर, आणि पायरीखालची जमीन खाली गेलेली. शेडच्या सपाट फरशीवर जे नऊ होते, ते इथे नऊ नव्हते. चढउतार मोजून पोट भरणाऱ्या बाईने आईला नेमकं उतारावर आणून उभं केलं होतं. बाबा हळूच म्हणाले, "गाडी फिरव. दार वरच्या बाजूला घे."

पण तोवर आईचे दोन्ही पाय पायरीवर आले होते. मुठीला धरून ती उभी राहिली. मी पुढे हात केला, तर तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे बावीस वर्षं वर्ग गप्प बसत आलाय. मी हात मागे घेतला.

तिने खाली पाहिलं. ओठ दाताखाली गेला, मुठीवरची बोटं पांढरी पडली. उजवा पाय खाली गेला, गेला, आणि टेकला. मग डावा. तिने मूठ सोडली, पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिली. "काय रे, हजेरी कोण घेणार?" एवढं ती म्हणाली, आणि सगळं पटांगण तिच्याभोवती गोळा झालं. मुख्याध्यापिका बाई पाया पडल्या आणि तशाच रडत राहिल्या.

बाबा मात्र गाडीपाशीच होते. ते पायरीशी उकिडवे बसले आणि जमिनीपासून वीत लावली. वीत संपली, पायरी आली नाही. वर तीन बोटं लावावी लागली.

"किती?" मी विचारलं. मला दिसत होतं, तरी विचारलं.

"अकरा."

तेवढ्यात गर्दीतून आईचा आवाज आला. "मिस्त्री, काय मोजत बसलात? सांगितलं होतं ना अकरा म्हणून? चला, फीत कापायचीय."

बाबांनी खिशातून वही काढली आणि निळ्या पेन्सिलीने नऊवर काट मारली. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"चाळीस वर्षांत ही पहिली," ते म्हणाले, "जिने खरं सांगितलं."