चाचांचं एक क्रियापद

आयरिश भाषा येणारा माणूस तेव्हा अख्ख्या महाड-पोलादपुरात नव्हता. पण तिचं एक क्रियापद अख्खं येणारा माणूस होता, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा! शेजारचे चाचा. आखातातल्या एका वर्कशॉपात आयरिश फोरमनच्या हाताखाली उमेदीची वर्षं घालवून परतले. बाकीच्यांनी टेपरेकॉर्डर आणले, ब्लँकेटं आणली. चाचांनी 'ता' आणलं. 'ता' म्हणजे 'आहे'. इंग्रजांचा 'ट' नव्हे, जीभ दातांना टेकवून आपला 'त'! कुणी 'टा' म्हटलं की चाचा स्वतःची जीभ काढून दाखवत. एसटीच्या कंट्रोलरलाही त्यांनी ती दाखवली होती. या 'ता'चं मूळ 'उभं राहणं', म्हणजे संस्कृतातल्या 'स्था'चं भावंडच, हे फोरमनचं म्हणणं. आमच्या संस्कृतच्या सरांनी त्यावर मान डोलावली, त्या दिवशी चाचांनी आळीभर खजूर वाटले. "मी म्हणजे 'मे', तू म्हणजे तर तूच," ते मला म्हणाले, "आपलीच मानसं हायत रे ती."

त्या भाषेत क्रियापद आधी येतं, आणि भूक लागत नाही, ती माणसावर असते. त्यामुळे पोलादपूरच्या हॉटेलात शिरता शिरता चाचा जाहीर करत, "हाय भूक माझ्यावर." नवा वेटर बिचकून मालकाला बोलावून आणायचा. चाचींचं मत, भूक कसली, भूत आहे यांच्यावर. शिवाय तिथे 'हो' आणि 'नाही' असे शब्दच नाहीत. 'आहे का?' विचारलं की एक तर 'ता', नाहीतर 'नील'. 'नील' म्हणजे आपलं 'नाय'. मी भूतकाळ विचारला की मात्र चाचा उडवून लावत. "आधी 'ता' पक्का कर. गेल्याची काय घाई हाय?"

दर ईदला ते एसटीडी बूथवरून फोरमनला फोन करत, आणि मलाही ऐकू यावं म्हणून रिसीव्हर दोघांच्या कानांमध्ये धरत. त्या वर्षी फोरमनच्या बायकोने उचलला. चाचांनी ऐटीत विचारलं, "अन् विल शे?" म्हणजे, आहे का तो? पलीकडून आलं, "नील." चाचा खूश! "नाय घरी. बाजारात गेला असंल." दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. पुन्हा 'नील'. मग ती बाई हळू म्हणाली, "वी."

चाचांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. घरी येताना त्यांनी आपण होऊन मला भूतकाळ शिकवला. लिहायचा 'भ', म्हणायचा 'व'. मूळ 'भू', आपला 'होता' निघाला तेच. "'वी' म्हंजे व्हता," ते म्हणाले.

आता चाचाही नाहीत. त्यांच्याविषयी लिहायला बसलो, तर जवळजवळ प्रत्येक वाक्य 'होता'कडेच वळतंय. चाचांना हे आवडलं नसतं.