मागीलदारची शिट्टी

काल डिचोलीच्या बाजारात मिक्सर दुरुस्त करून घेताना सोल्डरिंगच्या राळेचा धूर नाकात गेला आणि मी थेट चोपड्याच्या आमच्या घरात जाऊन पोचले.

आईला दिसेनासं झालं त्या वर्षीची गोष्ट. कुणी अचानक जवळ येऊन बोललं की ती दचकायची. स्वतःच्याच स्वयंपाकघरात ती अशी भिऊन बसलेली बघवत नसे. मग दादाने चार सुटे भाग सोल्डरिंगने जोडून एक लहानसं यंत्र केलं आणि त्याची तार पुढच्या दाराच्या चौकटीला लावली. तारेजवळ माणूस आलं, की आईशेजारचा रेडिओ शिट्टी वाजवणार होता.

दिवसभर रेडिओ गप्पच. दादा हिरमुसला, तशी आई म्हणाली, "अरे, फुडल्या दारान फकत पोस्टमन येता!" खरंच होतं. वाड्यावरची, म्हणजे आमच्या वस्तीतली, सगळी माणसं मागीलदारानेच यायची.

तार मागे नेली. संध्याकाळी आई नारळ खवत असताना रेडिओ बारीक आवाजात कुंईऽऽ करू लागला. आईने मान वळवली. "कोण गो तां? ये, भितर ये. चाय ठेवतंय."

शेजारची शेवंतीकाकी उंबऱ्यावरच थबकली. "अगो, तुका दिसाक लागला?"

"माका खंय? रेडिओक दिसता!" म्हणत आई कितीतरी महिन्यांनी खळखळून हसली. तिला तिचं घर परत मिळालं होतं.

दादा आमच्याकडे पाठ करून रेडिओचं बटण उगाच फिरवत राहिला. तेव्हा मला वाटलं, स्टेशन जुळवतोय.