काकूंचे राजदर्शन

शनिवार, १४ जून, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. राजाच्या वाढदिवसाची मिरवणूक पाहण्यासाठी लंडनमधल्या ईलिंगच्या आमच्या शेजारीण काकू कठड्याशी पहिल्या रांगेत उभ्या होत्या आणि सोबतीला मी. सलग दोन वर्षे कोणाच्या तरी टोपीआड राजा हुकला होता. यंदा त्याचा चेहरा पाहायचाच, असा त्यांचा निर्धार होता. निवृत्त मेट्रनच्या आवाजात त्या आजूबाजूला उभ्या असलेल्यांना बजावत, "हॅट ऑफ, डार्लिंग." अनोळखी माणसे मुकाट्याने टोप्या काढत.

साडेचार तासांनी बग्गी आली. काकूंनी भक्तिभावाने हात जोडले आणि सवयीने डोळे मिटले.

"काकू, डोळे उघडा, राजा समोर आहे."

"थांब गं, नमस्कार तर होऊ दे."

मी घड्याळात सेकंद मोजतच होते. बग्गी समोरून जायला नऊ सेकंद लागले. नमस्काराला अकरा.