अकरावं पान

ब्रेकिन गावात आर्चिबाल्ड गेडी पुस्तकं विकायचा आणि कविता करायचा. पुस्तकं खपायची, पदरमोड करून छापलेल्या त्याच्या कवितांना मात्र कुणी हुंगलंही नाही. शेवटी चिडून त्यानं त्या प्रती फाडल्या आणि त्याच पानांत गिऱ्हाइकांना पुस्तकं गुंडाळून द्यायला लागला.

एल्स्पेथ नावाची म्हातारी विणकरीण त्या वर्षी एकच पंचांग चौथ्यांदा घेऊन गेली. म्हातारीला चळ लागला असं समजून गेडी तिचे पैसे परत द्यायला गेला.

माग खडखडत होता. मागाच्या चौकटीवर त्याचीच पानं टाचलेली होती, सुरकुत्या काढून, ओळीनं. गेडी दारातच थिजला.

"पंचांग चुलीत घाला," हात न थांबवता ती म्हणाली. "बाकीची पानं आळीतून मागून आणली, अकरावं कुणाकडेच नाही. दहाव्यात तो मेंढपाळ बर्फात अडकलाय. घरी पोचतो का मेला?"

गेडीनं टोपी काढली आणि अकरावं पान तो तोंडपाठ म्हणू लागला.

नवरा गेला त्या दिवशीही एल्स्पेथचा माग थांबला नव्हता, असं गाव सांगतं. तो आता थांबला.