वाटीतली आमटी

आपल्या जेवणात कुणीतरी काहीतरी घालतं, असं माझा धाकटा भाऊ म्हणायचा. हे त्याच्या आजाराचं लक्षण आहे, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं तर घालणारा मीच होतो.

त्याला स्किझोफ्रेनिया आहे. पंचवटीत आमचा फुलांचा गाळा आहे आणि हार ओवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. इस्पितळातून आल्यावर वर्षभर तो आपणहून गोळी घेत होता. मग त्याची बोटं थरथरू लागली, सुईत दोरा जाईना. "दादा, या गोळीनं माझं काम जातंय," असं म्हणून त्याने ती बंद केली. तेव्हाच डॉक्टरांकडे गेलो असतो तर काही मार्ग निघाला असता. पण आजाराच्या भरात तो एकदा अनवाणी आडगाव नाक्यापर्यंत चालत गेला होता, तेच माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी गोळी लाटण्याखाली चुरडून त्याच्या वाटीत घालू लागलो.

"आमटी कडू लागते," तो म्हणायचा. मग मी त्याच्यासमोर पातेल्यातली आमटी वाढून घ्यायचो आणि भुरकून दाखवायचो. "हे बघ, मी खातोय ना?"

त्याने घरचं जेवण सोडलं. स्वतः सोललेली केळी खायचा, स्वतः फोडलेला नारळ खायचा. गाळ्याशेजारचा नारळवाला चिडवायचा, "काय रे, तुझी रोजच चतुर्थी का?" तो हसायचा नाही. महिन्याभरात पॅन्ट सुतळीने बांधायची वेळ आली.

दर मंगळवारी एक ताई घरी येत. आमच्याच भागातल्या. अशा आजाराच्या माणसांना घरी भेटायचं, औषध आणि काम नीट चाललंय का बघायचं, घरच्यांशी बोलायचं, याचं शिक्षण त्यांनी घेतलं होतं. त्या त्याच्याजवळ बसून हार ओवायच्या. त्यांचे हार वाकडे व्हायचे, तो ते उसवून पुन्हा ओवायचा आणि तेवढ्यात बोलायचा. एका मंगळवारी मी त्यांना दारातच गाठलं.

"ताई, संशय फार वाढलाय. डॉक्टरांना सांगून डोस वाढवा."

"गोळी रोज घेतो ना?"

"रोज."

त्या आत जाऊन बसल्या आणि त्यालाच विचारलं. त्याने हातातल्या झेंडूवरून नजर काढली नाही. "पातेल्यात नसतं, ताई. माझ्या वाटीत असतं. दादा पातेल्यातलं खाऊन दाखवतो. माझ्या वाटीतला एक घास त्यानं कधी घेतलाय का, विचारा."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "खरं का हो, भाऊ?"

"छे हो! सख्ख्या भावाच्या ताटात कोण काय कालवील?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. बायकोला सगळं माहीत होतं.

पुढच्या मंगळवारी ताई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. रोज गोळी घेऊनही असं होत असेल तर दाखल करावं लागेल. भावाने ऐकलं आणि वाद घातला नाही. कोपऱ्यातली पिशवी उचलून तो शर्ट भरू लागला. "चला. तिथं निदान सगळ्यांना एकाच पातेल्यातलं वाढतात."

रिक्षा बोलवायला उठावं, असंही एकदा मनात आलं, हे लिहायला हवं. बायको दारात येऊन हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही सांगताय की मी सांगू?"

"ताई, त्याला भ्रम झालेला नाही," मी म्हणालो. "तो गोळी घेत नव्हता. मी चुरडून घालत होतो."

मला वाटलं होतं, त्या ओरडतील. त्यांनी चिठ्ठीची घडी करून ती पर्समध्ये टाकली. "डॉक्टरांशी मी बोलते. तुम्ही मला काय सांगताय? त्याला सांगा."

भाऊ पिशवीजवळ तसाच उकिडवा बसला होता. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. तो थोडा मागे सरकला.

"तू खरं बोलत होतास," मी म्हणालो. "तुझ्या वाटीत मी गोळी घालत होतो, आणि तुलाच खोटं ठरवत होतो. नारळवाल्यालाही मीच सांगितलं, की तुला भास होतात. उद्या त्यालाही खरं सांगेन. माझं चुकलं रे. मला माफ कर."