ताईचा पासवर्ड

जे लिहितो आहे ते बायकोलाही ठाऊक नाही. मी आकड्यांचा माणूस. प्रत्येक गोष्ट जागच्या जागी ठेवतो. या गोष्टीला मात्र इतक्या वर्षांत जागा सापडली नाही.

राज्य नवं झालं, रायपूर त्याची राजधानी झाली आणि इथं एकेक काम कॉम्प्युटरवर जाऊ लागलं. नात्यात कुणाला ई-मेल काढायचा असला की मला बोलावणं यायचं. पासवर्डही मीच ठरवायचो. पद्धत एकच — नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. अकरा घरांचे अकरा पासवर्ड माझ्या डायरीत होते. कुणाला त्यात गैर वाटलं नाही. घरचाच माणूस ना!

शंकर नगरात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, खातंही मीच उघडलेलं. तिची मुलगी पल्लवी पुण्यात नोकरीला. मायलेकी एकमेकींना लिहायच्या. एका दुपारी ऑफिसात सहज — पण सहज म्हणजे काय? — ताईच्या नावाची चार अक्षरं टाइप केली, साल टाकलं, आणि वाचलं. आपण नसताना आपली माणसं काय बोलतात, एवढंच पाहायचं होतं. तुम्हाला कधीच वाटलं नाही? मग दर सोमवारी वाचू लागलो.

एकदा ताईकडे जेवताना तोंडून निसटलं — नागपूरच्या स्थळाला पल्लवीनं नाही म्हटलं, बरं केलं.

ताईचा वाढता हात थांबला. "हे तुले कोनं सांगतलं रे?"

आत तिची सून, सीमा, पोळ्या लाटत होती. शिक्षक भरतीच्या तयारीसाठी ती रोज ताईच्याच कॉम्प्युटरवर बसायची. आणि मी — मी म्हणालो, "सीमानं."

ती लाटणं घेऊनच दारात आली. "मैंने कब बोला, मामाजी?"

मी ताटाकडे पाहिलं.

"मामा काहून खोटं बोलतील?" ताई म्हणाली.

कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप लागलं. भरतीचा फॉर्म भरायला आठ दिवस उरले होते. सायबर कॅफेत जायलाही ताईनं मोडता घातला. तारीख गेली, पुढच्या भरतीपर्यंत सीमाचं वय निघून गेलं.

त्या आठ दिवसांतच ताईनं मला बोलावलं होतं. "असा पासवर्ड बनव, का इले सापडलाच नाही पाहिजे." मी बनवला. चौदा अक्षरं — लहान, मोठी, आकडे, दोन चिन्हं; नाव नाही, साल नाही. कुणासाठी इतकी काळजी घेतली नव्हती. जुना किती कच्चा होता, हेही समजावून सांगितलं — सीमासमोर. नवा डायरीत लिहिला नाही. पाठ केला.

सोमवारी उघडून पाहिलं. ताईनं पल्लवीला लिहिलं होतं, सीमापासून जपून राहा. काही अडलं तर मामाला सांग, तो पोटात ठेवतो.

त्यानंतर वाचणं सोडलं, असं लिहिणार होतो. आणखी सात सोमवार वाचलं.

सीमा आता नवऱ्यासोबत अभनपूरला वेगळी राहते. मी गेलो की वाकून नमस्कार करते, चहा देते. माझ्यासमोर मोबाइलचं लॉक उघडायची वेळ आली, तर स्क्रीन स्वतःकडे वळवून घेते. तिचं बोट किती वेळा टेकतं, ते मी चहा पिता पिता मोजतो.

सहा वेळा.